जपानला कारखाने बघायला गेलो आणि एक दोरी घेऊन आलो

गंजलेला_स्पॅनर (धागाकर्ता)

गेल्या नोव्हेंबरात कंपनीने आम्हा तिघांना जपानला पाठवलं. आठ दिवस, बारा जणांचा गट, बाकीचे नऊ इतर कंपन्यांतले. दौऱ्याचं नाव भारदस्त होतं, 'लीन नेतृत्व आणि अखंड सुधारणा' असं काहीतरी. मी चाकणजवळच्या एका कारखान्यात उत्पादन बघतो. मोटारीच्या सीटखाली जे रूळ आणि ब्रॅकेट असतात ते आम्ही प्रेसवर काढतो, वेल्ड करतो आणि पुढच्याकडे पाठवतो. कंपनीचं नाव विचारू नका. पुढे जे लिहिणार आहे त्यात आमचीच शोभा आहे.

आल्यावर रीतसर प्रेझेंटेशन दिलं. छप्पन्न स्लाइड. मुदा, मुरा, मुरी (वाया जाणं, चढउतार, अतिताण), फाईव्ह एस (जागा नीटनेटकी ठेवायची पद्धत), कानबान (लागेल तसा माल मागवायची चिठ्ठी), सगळं होतं. साहेब खूश. त्या छप्पन्नांत जे नव्हतं ते इथे लिहितो.

पहिला दिवस नागोयातल्या तोयोताच्या संग्रहालयात गेला. मला वाटलं गाड्या बघायच्या. आत शिरलो तर भलामोठा हॉल मागांनी भरलेला! जागाच मुळात तोयोदा साकिचींच्या १९११ सालच्या कापड कारखान्याची, जुन्या विटांच्या भिंती ठेवून १९९४ मध्ये तिथे संग्रहालय केलं. तिथल्या मुलीने १९२४ चा जी-टाईप माग चालवून दाखवला आणि चालू मागावर ताण्यातला एक धागा तोडला. माग जागच्या जागी थांबला. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी लटकलेली असते. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते, तुटला की खाली पडते आणि माग बंद होतो. सेन्सर नाही, काही नाही. त्यामुळे मागासमोर राखण करत कोणी उभं राहायला नको, आणि एक माणूस कितीतरी माग सांभाळू शकतो. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. लँकेशायरवाल्यांनी जपान्याकडून माग घ्यायचा म्हणजे त्या काळी काय वाटलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी तोयोता शहर. हे गाव आधी कोरोमो होतं, १९५९ मध्ये कंपनीवरून नाव बदललं. मोतोमाचीचा कारखानाही त्याच सालचा. पाहुण्यांना वरच्या पुलावरून चालवत नेतात, फोटो काढू देत नाहीत. खाली जुळणीची लाईन सरकत असते. मध्येच एक बारीक धून वाजली, वरच्या फलकावर एका जागेचा आकडा पिवळा झाला. एका कामगाराने दोरी ओढली होती. मी घड्याळ बघत होतो. पाच-सहा सेकंदांत त्याचा गटप्रमुख शेजारी येऊन उभा. दोघे वाकले, काहीतरी बसवलं, गटप्रमुखाने दोरी परत ओढली, धून बंद. लाईन थांबलीच नाही! दोरी ओढली तरी गाडी जमिनीवरच्या एका खुणेपर्यंत सरकत राहते. तोवर अडचण सुटली तर ठीक, नाही तर लाईन त्या खुणेवर थांबते. अर्ध्या तासात अशी धून मी किती वेळा ऐकली ते मोजायचं सोडून दिलं. आमच्या गटातला एकजण म्हणाला, "इतके प्रॉब्लेम? आणि ही म्हणे जगातली भारी कंपनी." तेव्हा मीही हसलो होतो.

तिसऱ्या दिवशी एक छोटा पुरवठादार. चाळीसेक माणसं, आमच्यासारखंच पत्र्याचं काम, प्रेस आमच्यापेक्षा जुन्या. भिंतीवर सुधारणांच्या चिठ्ठ्या. त्यातली एक म्हणजे सुट्या भागांचा डबा आडवा होता तो उभा केला, मनगट वळवायचं वाचलं, दीड सेकंद वाचला. बस. खाली चिठ्ठी लिहिणारीचं नाव, आणि त्याखाली मालकाच्या अक्षरात चार ओळी. दुभाष्याला विचारलं तर म्हणाला, "मालक प्रत्येक चिठ्ठीला उत्तर लिहितात. हिला त्यांनी विचारलंय की आता डाव्या हाताचं काय?" मालक स्वतः आमच्यासोबत फिरत होते. वाटेत पडलेलं स्क्रॅप उचलून खिशात टाकत होते. शेवटी त्यांनी आम्हालाच विचारलं, तुमच्याकडे सध्या कशाची अडचण आहे? बारा व्यवस्थापक आणि एकाला धड उत्तर देता आलं नाही. एक म्हणाला, मॅनपॉवर. मालकांनी मान हलवली आणि चहा मागवला.

तोक्यो स्टेशनवर शिनकान्सेनची सात मिनिटांतली सफाईही बघितली. भारी आहे, पण त्यावर व्हिडिओ भरपूर आहेत.

आता घरची गोष्ट. डिसेंबरात वेल्डिंग लाईनवर दोरी लावली. दिवा, भोंगा, फलक मिळून अकरा हजार खर्च. पहिले अकरा दिवस तिला कोणी हात लावला नाही. मी वर कळवलं, लाईन उत्तम चालू आहे. बाराव्या दिवशी एका कंत्राटी पोराने ओढली. ब्रॅकेट फिक्श्चरमध्ये, म्हणजे वेल्डिंगसाठी भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, बसत नव्हता. भोंगा वाजला तसा सुपरवायझर लांबूनच, "कोण रे तो? आता काय झालं?" मी केबिनमधून बाहेर आलो आणि पहिला प्रश्न मीच विचारला, "लाईन किती वेळ बंद राहणार?" पोराने हात असा मागे घेतला की जणू शॉक बसला. फिक्श्चरची पिन झिजली होती. त्याच पिनेमुळे आदल्या शिफ्टचे चाळीस नग रिवर्कला पडले होते आणि ते लाईनवर सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून.

त्यानंतर सहा आठवडे दोरी तशीच लोंबते आहे. परवा तिच्यावर कोणीतरी हातरुमाल वाळत घातला होता.

तुमच्याकडे कोणी दोरी ओढतं का? ओढतं, तर ते कसं जमवलंत?

---

दुसरा_चहा

वाचनखूण साठवली. हातरुमाल वाचून फुटलो. आमच्याकडे फाईव्ह एसच्या फलकावर कॅन्टीनचं वेळापत्रक चिकटवलंय.

---

कडुजिरं

साहेब लोकांची ट्रिप झाली, छान. माणशी दोन-तीन लाख तरी गेले असतील. त्यात ती पिन कितीदा बदलून झाली असती, हिशोब करा.

आणि जपानच्या आरत्या ओवाळण्याआधी हेही वाचा. २००२ मध्ये तोयोताच्याच एका कारखान्यात तीस वर्षांचा कर्मचारी रात्रपाळीत कोसळला आणि गेला. शेवटच्या महिन्यात शंभराहून जास्त जादा तास. बायको कोर्टात गेली. वाद कशावर होता? गुणवत्ता मंडळाच्या बैठका, सूचना लिहिणं, हे काम धरायचं की 'स्वेच्छा'! २००७ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने ते काम धरलं. त्यानंतर कुठे पुढच्या वर्षी कंपनीने त्या वेळेचे पूर्ण पैसे द्यायचं ठरवलं. म्हणजे अर्धशतकभर ज्या कायझेनचे, म्हणजे सततच्या सुधारणेचे, गोडवे जगाने गायले त्यातला बराच भाग फुकटात होता. तुमच्या प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड होती का?

---

गंजलेला_स्पॅनर

नव्हती. मला माहीतच नव्हतं. खर्चाबद्दल बोलत नाही, तो आकडा मलाही टोचतो.

---

इचलकरंजीचा_धोटा

स्पॅनरभाऊ, मागाचं वाचून राहवलं नाही. आमचे वडील शटलच्या मागांवर जन्मभर. तुम्ही नागोयात जी पत्र्याची पट्टी बघितली तिला आमच्याकडे ड्रॉपर म्हणतात आणि सगळ्या प्रकाराला वार्प स्टॉप मोशन. गंमत अशी की ही १९२४ ची गोष्ट आपल्याकडच्या साध्या यंत्रमागांवर नव्हतीच. अगदी अलीकडे सरकारने जुने माग सुधारण्यासाठी अनुदान काढलं, त्यात वार्प स्टॉप मोशन बसवणं हा एक भाग होता.

आमच्या चार मागांवर बसवलं. महिनाभराने मी गावी गेलो तर कामगाराने दोन मागांवरची तार काढून ठेवलेली! मी चिडलो. तो म्हणाला, "मालक, सूत असलं आणता, दर दोन मिनिटाला तुटतंय. माग थांबून थांबून माझं मीटर भरंना." त्याला मीटरवर पैसे. माग थांबला की त्याचं पोट थांबतं. वडील बाजूला बसून हसत होते. म्हणाले, यंत्र खरं बोलायला लागलं की पहिल्यांदा सुताच्या व्यापाऱ्याशी भांडावं लागतं, मग सायझिंगवाल्याशी, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्याशी. ते तुला जमणार का?

नाही जमलं हे सांगायला नको. पुढे माग विकले.

---

तिसरी_पाळी

धागा वाचला. मी लाईनवर काम करतो, तुमच्याकडे नाही, पण तशाच ठिकाणी. एक विचारू का साहेब? तुमच्या लाईनला इन्सेंटिव्ह कशावर आहे? आमच्याकडे शिफ्टच्या नगांवर आहे, आणि पूर्ण लाईनला मिळून. मी दोरी ओढली तर माझ्या एकट्याचे नाही, चौदा जणांचे पैसे जातात. सुपरवायझर ओरडतो ते सोडा हो, ते सवयीचं आहे. जेवायच्या सुट्टीत चौदा जण तोंड फिरवून बसतात, ते सहन होत नाही.

आणि कंत्राटी पोरगा असेल तर उद्या ठेकेदार त्याला गेटवरूनच परत पाठवू शकतो. त्याने ओढली हेच नवल आहे. तो अजून आहे का तुमच्याकडे?

---

गंजलेला_स्पॅनर

तिसरी_पाळी, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही हे खरं सांगतो. आमच्याकडेही शिफ्टच्या नगांवर, पूर्ण लाईनला मिळून. हे मला माहीत होतं, मीच दर महिन्याला त्या कागदावर सही करतो. दोरीशी त्याचा संबंध लावला नव्हता.

पोरगा आहे. आज मुद्दाम बघून आलो.

---

नागोयावासी

धागा उशिरा वाचला. मी सोळा वर्षं आइची प्रांतात आहे, दुभाषी म्हणून असे बरेच भारतीय गट कारखान्यांतून फिरवले आहेत. तुमचा नव्हे. दोन-चार गोष्टी सांगते.

एक. 'कायझेन', 'गेम्बा' हे शब्द आपल्याकडे मंत्रासारखे म्हणतात. इथे ते साधे शब्द आहेत. गेम्बा म्हणजे प्रत्यक्ष घटनेची किंवा कामाची जागा. टीव्हीवर अपघाताची बातमी देणारा बातमीदार 'गेम्बावरून' बोलतो. कायझेन म्हणजे सुधारणा, सरकारी नोटिशीतही हाच शब्द. आपल्या गटांना मी हे सांगते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो.

दोन. हे सगळं 'जपानी संस्कृती'तून आलं आणि म्हणून आपल्याला जमणार नाही, असं प्रत्येक गटातला एकजण परतीच्या बसमध्ये म्हणतोच. १९५० मध्ये तोयोता बुडायला आली होती. मोठी कपात झाली, संप झाला, साकिचींचे चिरंजीव आणि मोटार कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदांना अध्यक्षपद सोडावं लागलं. आज जो शांतपणा दिसतो त्याच्या मुळाशी हे भांडण आहे. व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांनी एकमेकांवरच्या विश्वासाचं संयुक्त जाहीरनामा-पत्र काढलं ते १९६२ मध्ये, म्हणजे बारा वर्षं गेली. शिवाय इथेही मुदतीच्या करारावरचे कामगार असतात, त्यांची अवस्था कायम कामगारांसारखी नसते. ते तुम्हाला पुलावरून ओळखू येणार नाहीत, गणवेश सारखाच.

तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १९५० मध्येच किइचिरोंचे चुलतभाऊ एइजी तोयोदा अमेरिकेत फोर्डचा रूज कारखाना बघायला गेले होते. म्हणजे हे लोकही आधी 'दौऱ्यावर'च गेले होते! फोर्डचा आकार त्यांना परवडणारा नव्हता, तो त्यांनी उचललाच नाही. उचलली ती कामगारांच्या सूचनांची पद्धत. १९५१ मध्ये ती आपल्याकडे सुरू केली. 'योइ शिना, योइ कांगाए', चांगला माल, चांगला विचार, ही पाटी तुम्ही मोतोमाचीत बघितली असेल. ती त्या सूचना-पद्धतीची. तोयोताची उत्पादन पद्धत घडवणाऱ्या ओनो ताइइचींचंही तसंच. कानबानची कल्पना अमेरिकन सुपरमार्केटवरून घेतली म्हणतात ते बरोबर आहे, पण ते प्रत्यक्ष अमेरिकेत गेले १९५६ मध्ये. यंत्रशाळेत प्रयोग त्याच्या आधीच चालू होते. आपल्या अडचणीला उत्तर शोधत असलेला माणूस बघायला गेला की त्याला नेमकं दिसतं. तुमच्या छोट्या पुरवठादाराच्या मालकाने 'तुमची अडचण काय' हे विचारलं ते उगाच नव्हे. पाहुण्यांना काय दाखवायचं हे त्याला त्यावरून ठरवायचं असणार. 'मॅनपॉवर' ऐकल्यावर चहा मागवला, हे मला अगदी डोळ्यांसमोर दिसलं.

---

दुसरा_चहा

ताई, यावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

जुना_टर्नर

मी निवृत्त आहे. आमच्याकडे नव्वदीच्या दशकात टीपीएम (यंत्रांची देखभाल सगळ्यांनीच करायची पद्धत) आलं, जपानी सल्लागार वर्षातून चार वेळा यायचे. पहिल्या दिवशी त्या म्हाताऱ्याने लेथच्या खाली हात घातला, तेलाने काळा झालेला पंजा बाहेर काढला आणि काही न बोलता वर्क्स मॅनेजरच्या पांढऱ्या शर्टासमोर धरला. पुसला नाही, नुसता धरला. दुसऱ्या दिवशी मॅनेजर स्वतः बोळा घेऊन यंत्राखाली! आम्ही कामगार खांबाआडून बघत होतो. लोक कायझेनला 'काय झेंगट' म्हणायचे, पण त्या दिवसापासून यंत्र पुसायला कोणी लाजला नाही, हेही खरं.

पुढे ते मॅनेजर बदलून गेले. नवे आले ते फलक रंगवण्यात हुशार. दोन वर्षांत तेल परत जिथल्या तिथे.

आपल्याकडे कोणालाच जमलं नाही असं मात्र समजू नका. सुंदरम-क्लेटनला १९९८ मध्ये जपानचं गुणवत्तेसाठीचं डेमिंग पारितोषिक मिळालं, भारतातलं पहिलं. महिंद्रांच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये, ट्रॅक्टरवाल्यांत जगात पहिलं. त्यांच्या कांदिवली-नागपूरच्या लाईनवर माझे ओळखीचे लोक होते. सगळी आपलीच माणसं, तीही वडापाव खाणारी.

---

कडुजिरं

नागोयावासींचा प्रतिसाद आवडला, हे कबूल. पण मूळ शंका राहतेच. साठा ठेवू नका, सगळं वेळेवर येईल, हे सांगणाऱ्यांचं स्वतःचं काय होतं? एका पुरवठादाराच्या संगणकांवर हल्ला झाला आणि १ मार्च २०२२ ला तोयोताचे जपानमधले सगळे चौदा कारखाने दिवसभर बंद. एक कडी तुटली की साखळी जमिनीवर.

---

नागोयावासी

बरोबर आहे, बंद पडले होते. पण याच्या आधीचं एक उदाहरण बघा. १ फेब्रुवारी १९९७ ला तोयोताचा पुरवठादार आयसिन, त्याच्या कारियामधल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक हाताच्या मुठीत मावणारा व्हॉल्व्ह, आणि तोयोताची जवळजवळ सगळी गरज त्या एका कारखान्यातून भागायची. साठा काही तासांचा. गाड्यांचं उत्पादन ठप्प. मग काय झालं, तर आसपासच्या पुरवठादारांनी नकाशे घेतले आणि आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह काढायला लागले. त्यात शिलाई यंत्रवाली ब्रदर कंपनीसुद्धा होती, जिने मोटारीचा असा भाग कधी केला नव्हता. काही दिवसांत कारखाने परत चालू. आधी कराराची, दराची बोलणी करत कोणी बसलं नाही.

हे साखळीच्या बाजूने आहे की विरुद्ध, तुम्हीच ठरवा. माझ्या मते दोन्ही.

---

पांढरा_डगला

कारखान्याशी संबंध नाही, मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आहे. पण दोरीची गोष्ट आमच्याकडेही आहे. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाची वरची मंडळी २००२ मध्ये जपानला कारखाने बघायला गेली होती. डॉक्टर लोक, लाईनवर! परत येऊन त्यांनी असा नियम केला की रुग्णाला धोका दिसला तर सफाई कर्मचाऱ्यापासून सर्जनपर्यंत कोणीही काम थांबवू शकतो.

आमच्याकडे हे भाषांतर होऊन आलं ते एका फॉर्मच्या रूपात. 'घटना नोंद'. पहिला रकाना, चूक करणाऱ्याचं नाव. वर्षभरात आलेल्या नोंदी शून्य. मग एका नवीन सिस्टरने सुचवलं की तो रकानाच काढा. काढला. त्या महिन्यात एकोणीस नोंदी आल्या, त्यातल्या सात एकाच कारणाच्या, दोन वॉर्डांच्या नळ्यांवरचं लेबल सारख्याच रंगाचं. रंग बदलायला किती खर्च आला विचारू नका, स्टेशनरीच्या दुकानात जाऊन आलो.

---

नागोयावासी

पांढरा_डगला, अगदी हेच. अवांतर वाटेल, पण 'पोका-योके' हा शब्द आधी 'बाका-योके' होता. बाका म्हणजे मूर्ख, तर मूर्खाने केली तरी चूक होऊ नये असली सोय. कामगारांना तो लागला. तेव्हा शिंगो शिगेओ या उत्पादन अभियंत्यांनी 'पोका' शब्द घेतला, नजरचुकीने झालेली चूक. तुमच्या सिस्टरने रकाना काढला आणि शिंगोंनी शब्द काढला, काम एकच.

---

तिसरी_पाळी

हे बाका-योके आमच्या ट्रेनिंगमध्ये कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

---

गंजलेला_स्पॅनर

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. मधल्या काळात जे झालं ते लिहितो. यशोगाथा वगैरे नाही.

तिसरी_पाळी यांचा मुद्दा घेऊन प्लांट हेडकडे गेलो. म्हणालो, या एका लाईनपुरतं दोन महिने दोरीमुळे बंद पडलेली मिनिटं इन्सेंटिव्हच्या हिशोबातून वगळा. ते म्हणाले, लोक मुद्दाम ओढून बसतील. मी म्हटलं, बसू द्या, मी मोजतो. चार दिवस घासाघीस झाली. शेवटी सहा आठवड्यांना 'हो' मिळालं, तेही एचआरच्या साहेबांना न आवडता.

मग त्या पोराला, म्हणजे ज्याने पहिल्यांदा ओढली त्याला, लाईनवर सगळ्यांसमोर सॉरी म्हणालो. हे लिहायला सोपं आहे. तिथे उभा होतो तेव्हा पाय जड झाले होते. सुपरवायझर मान खाली घालून मोबाइल बघत होता. पोरगा म्हणाला, "असू द्या सर," आणि कामाला लागला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

ओनो खडूने जमिनीवर गोल काढून माणसाला त्यात तासन्‌तास उभं करायचे, ही गोष्ट दौऱ्यात तीनदा ऐकली होती. मी वेल्डिंग लाईनसमोर गोल न काढताच उभा राहिलो, रोज सकाळी एक तास. पहिल्या दिवशी लोक बिचकले. तिसऱ्या दिवशी विसरले. चौथ्या दिवशी मला दिसलं की हेल्पर रिकाम्या बिनसाठी दर वीस मिनिटांनी शेडच्या दुसऱ्या टोकाला जातोय. नऊ वर्षं मी त्या शेडमध्ये आहे.

आकडे सांगतो. पहिल्या आठवड्यात दोरी चार वेळा ओढली गेली, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात सतरा. सतरापैकी सहा वेळा माल पोचला नव्हता, पाच वेळा तीच पिन (हो, बदलली होती, टूलरूमने मऊ पोलादाची करून दिली होती), तीन वेळा वेल्डिंगची टिप, बाकी किरकोळ. एकदाच कोणीतरी गंमत म्हणून ओढली, त्याला लाईनवाल्यांनीच झापलं. रिजेक्शन अजून तेवढंच आहे. नग कमी झालेत, तिसऱ्या आठवड्यात साधारण चार टक्के. प्लांट हेड रोज आकडा विचारतात, त्यांच्या आवाजावरून सहा आठवडे पूर्ण होतील याची खात्री देत नाही.

भोंगा वाजला की जाणाऱ्याने पहिलं वाक्य काय बोलायचं हे आम्ही ठरवून घेतलं. "काय दिसलं?" बस, एवढंच. 'कोणी' आणि 'किती वेळ' हे दोन शब्द पहिल्या मिनिटात बंद. मी दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो तेव्हा वेल्डर हसला आणि म्हणाला, "सर, दंड."

सुपरवायझरने दुसऱ्या शेडमध्ये बदली मागितली आहे. पंधरा वर्षं त्याने लाईन थांबू दिली नाही म्हणून त्याला बक्षिसं मिळाली, आणि आता मी उलटं सांगतोय. त्याचा राग मला कळतो. अजून सही केलेली नाही, उद्या त्याच्यासोबत जेवायला बसणार आहे.

---

तिसरी_पाळी

सुपरवायझरला सोडू नका सर. दोरी ओढल्यावर पळत येणारा तोच लागणार. तुम्ही रोज किती दिवस उभे राहाल?

---

कडुजिरं

चार टक्के नग गेले तरी वर टिकून आहात म्हणजे दम आहे. सहा आठवडे झाल्यावर खरे आकडे टाका, चांगले-वाईट सगळे. मी इथेच आहे.

---

इचलकरंजीचा_धोटा

मऊ पोलादाच्या पिनेवर माझा आत्मा तृप्त झाला. सुताचा व्यापारी सगळीकडे असतो.

---

दुसरा_चहा

धागा वाचून आमच्या साहेबांनी (हो, त्यांना दाखवला) पुढच्या महिन्यात नागोयाला जायचं पक्कं केलं आणि मला बरोबर घेतलंय. दोन प्रश्न. संग्रहालयाला कसं जायचं, आणि मी शाकाहारी आहे, काय खाऊ?

---

नागोयावासी

मेइतेत्सु नागोयाहून साको स्टेशन, पहिलंच. तिथून चालत पाच मिनिटंही लागत नाहीत. लोकल गाडी घ्या, जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. कारखाना बघायचा तर तोयोता काइकानची, म्हणजे कंपनीच्या प्रदर्शन-दालनाची, टूर आधी आरक्षित करावी लागते, ते आजच करा.

खाण्याचं अवघड आहे. भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क, दाशी, असतो. दुकानातला उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, सहसा चालतो, तरी पाकीट वाचून घ्या. पहिले दोन दिवस पुरतील एवढ्या दशम्या आणि चटणी बरोबर ठेवा.

आणि निघायच्या आधी साहेबांना बसवून तुमच्या लाईनची एक अडचण कागदावर लिहून घ्या. 'मॅनपॉवर' सोडून.